तिने पाणी दिलं नाही

माझी कादंबरी छापून आली आणि आमच्याकडे येणारे लोक पाणी प्यायचे बंद झाले. मे महिना, बाहेर लू चाललेली, दारातला माणूस घामाने निथळतोय, आणि मी पेला पुढे केला की म्हणतो, ‘नको नको, आत्ताच पिऊन निघालो.’

कारण कादंबरीतली बाई. तिला नवऱ्याने उभा जन्म छळलेलं असतं. म्हातारपणी त्याला अर्धांगवायू होतो. ती त्याचं सगळं करते, अंग पुसते, चादरी बदलते, फक्त पाण्याचा पेला अशा जागी ठेवते की त्याला तो दिसावा, पण हात पोचू नये. अगदी शेवटी तो डोळ्यांनी पाणी मागतो. ती खुर्ची ओढून समोर बसते आणि बघत राहते. देत नाही. कादंबरी तिथे संपते.

महाराष्ट्रातून फोन आले. एका गृहस्थांनी फार काळजीच्या सुरात विचारलं, ‘तुमच्या मिस्टरांची तब्येत बरी आहे ना?’ मी सांगितलं, ठणठणीत आहे, आत्ताच भांडी घासून बसलेत. मिस्टर रेल्वेत. त्यांना ऑफिसात विचारत, ‘भाईसाहब, बोतल घर से भरकर लाते हो या स्टेशन से?’ ते हसून सोडून देत.

मी सोडून देणाऱ्यातली नाही. इथे आमच्या झाशीत चौकात घोड्यावर बसलेली बाई तलवार उपसून आहे. लोक तिला हार घालतात, खाली उतरतात आणि मला विचारतात, बाईमाणसाला एवढा राग शोभतो का? का शोभू नये? कादंबरीतल्या नवऱ्याने बायकोचं काय काय केलं, ते मी पानंच्या पानं लिहिलं आहे. त्याबद्दल एकाचाही फोन आला नाही. सगळ्यांचा जीव अडकला तो त्या एका पेल्यात. मराठी मंडळाचे अध्यक्ष तर घरी येऊन बसले. म्हणाले, ‘दुसऱ्या आवृत्तीत एवढं बदला. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायची रीत आहे आपली.’ मी म्हटलं, ‘मारणाऱ्याचा हात धरायची रीत असती तर घातलं असतं तिने.’ ते चहा न घेता गेले.

मग एकदा सीपरी बाजारात भाजी घेत होते. आमच्याच एका मराठी घरातली सून भेटली. म्हणाली, ‘दीदी, किताब बहुत अच्छी लगी. लास्ट में जो वो उसको पानी पिलाती है ना, मैं तो रो पड़ी.’

मी हातातला दुधी तसाच खाली ठेवला. विचारलं, ‘तू स्वतः वाचलीस?’ ‘नहीं दीदी, काकी ने सुनाई.’

इथे आमची मराठी घरं मोजकी. सुनांना, मुलींना मराठी कळते, पण वाचायला बसल्या की अडखळतात. म्हणून दर गुरुवारी भजन झालं की एका काकूंच्या बैठकीत सगळ्या जमतात आणि काकू मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात. काकू निवृत्त शिक्षिका, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी वाचलं ते पुस्तक, इतका त्यांच्यावर विश्वास. आणि त्या काकूंनी माझा शेवट गाळून स्वतःचा घातला होता. अर्धी झाशी तोच माझा समजून बसली होती. माझं डोकं फिरलं. अध्यक्षांनी निदान तोंडावर मागितलं होतं.

त्या गुरुवारी मी पुस्तक घेऊन गेले. म्हटलं, शेवटचं प्रकरण आज मी वाचते. काकूंनी सरकून जागा दिली. मी वाचलं, होतं तसं, पेल्यासकट, खुर्चीसकट. संपल्यावर कुणी माझ्याकडे बघेना. एकेक करून बायका चपला घालून निघून गेल्या.

काकूंच्या मागोमाग मी स्वयंपाकघरात गेले. ‘काकू, कुणाला विचारून पाजलंत त्याला पाणी?’

त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ‘आमचे हे असेच पडून होते,’ त्या म्हणाल्या. ‘कितीतरी वर्षं. मी चमच्या-चमच्याने पाजलं. ज्या हाताचा मार खाल्ला ना, तो हात धरून उठवून बसवायची आणि पाजायची. लोक म्हणायचे, देवी है. आणि तुझ्या ह्या बाईने नाही पाजलं. मला हेवा वाटला गं तिचा. इतका, की तोंडातून ते वाक्य निघेना.’

मी भांडायला गेले होते. काकूंचे यजमान मला आठवत होते. पांढरी टोपी घालणारे, बड़ा बाज़ारात सगळे ज्यांना वाकून नमस्कार करायचे ते. त्यांच्यावर मला इतका राग आला की तो कुठे ठेवावा कळेना.

तरी मी म्हटलं, ‘तुम्ही पाजलंत ते तुमचं, काकू. तिचं मी बदलणार नाही. ना तुमच्यासाठी, ना मंडळासाठी.’

‘मी कुठे म्हणते बदल,’ काकू म्हणाल्या आणि डोळे न पुसता चहा टाकला. मी तो पूर्ण प्यायले.

पुढच्या गुरुवारी मला वाटलं, कुणी येणार नाही. बैठक भरलेली होती. बबीन्याच्या छावणीतून दोघी नव्या आल्या होत्या, फौजींच्या बायका, पुस्तकाबद्दल ऐकून. काकूंनी चष्मा लावला आणि शेवटचं प्रकरण उघडलं. नव्यांपैकी एकीने हळूच विचारलं, ‘काकी, आखिर में पानी तो पिला देती है ना?’

‘नहीं पिलाती,’ काकू म्हणाल्या. ‘अब चुपचाप सुनो.’