माझ्या वाट्याचं चोपण

नवऱ्याचं दिवसपाणी उरकलं आणि थोरल्या दिरांनी मला जमीन दिली. मोठ्या मनानं दिली, असं भावकी म्हणाली. निपाणीच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या पट्ट्यात आमची जमीन होती. काळी, भुसभुशीत, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. त्यातला एक वाफासुद्धा माझ्या वाट्याला आला नाही. मला मिळालं ते ओढ्यापलीकडचं चोपण. चोपण म्हणजे जिथं पेरलेलं उगवत नाही, उन्हाळ्यात वर पांढरा खार फुलतो आणि पावसाळ्यात पाय ठेवला की माणूस सपशेल आपटतो, असली जमीन. पिढ्यानपिढ्या तिथं नांगर घातला नव्हता. गवत वाढायचं, गावची जनावरं चरायची, एवढाच तिचा उपयोग.

मला मूलबाळ नव्हतं. तेव्हा ही बाई चार दिवस चोपण बघेल, मग मुकाट परत येऊन चुलीपाशी बसेल, असा थोरल्यांचा अंदाज. इंग्रजांचा अंमल होता, पण आमच्या घरात अंमल थोरल्यांचा.

थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं तर सासूला मध्ये घालायचं. थोरले सोप्यात, मी दाराआड, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यावर.

"आत्याबाई, त्येंस्नी सांगा, मी चोपणातच ऱ्हायाला जाते."

आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत थोरले हसले. "तिला म्हणावं जा. पावसाळ्यात येशीलच."

त्या हसण्याचा मला असा संताप आला की मी त्याच आठवड्यात सामान उचललं. पाटा, वरवंटा, दोन भांडी आणि माहेरहून आलेली म्हैस.

खोपटासाठी मेढी रोवायच्या होत्या. त्यासाठी खड्डे मीच खणले, आणि त्या खड्ड्यांत मला माझी जमीन पहिल्यांदा दिसली. वरचा थर राखाडी, हलका, पिठासारखा, जेमतेम चार बोटं जाडीचा. गवताचं सगळं बिऱ्हाड त्यातच. मुळांचं जाळं इतकं दाट की कुदळीनं तोडताना फाटणाऱ्या कापडासारखा आवाज यायचा. त्याखाली कुदळ टणकन उडाली. मला वाटलं दगड लागला. माती हातानं बाजूला केली तर खाली गोल डोक्यांचे खांबच खांब, वरवंटे उभे करून एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसे. डोक्यांवर पांढुरकी भुकटी, अंगानं काळपट, आणि दोन खांबांमध्ये सुरी जाईल एवढीच फट. गवताची जी मुळं खाली उतरली होती, ती त्या फटींतून, चपटी होऊन उतरली होती. खांबाच्या आत एकही शिरलं नव्हतं.

मी चिडून त्यावर घागरभर पाणी ओतलं. म्हटलं, भिजून मऊ होईल. पाणी मुरलंच नाही. खांबांची डोकी साबणासारखी बुळबुळीत झाली, फटी फुगून मिटल्या आणि खड्ड्यात गढूळ पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच उभं राहिलं. वाळल्यावर पुन्हा तोच दगड. पहारीनं तो थर फोडला तेव्हा खाली पिवळसर माती लागली, त्यात चुनखडीचे बारके गोटे. आणखी खाली ओलसर, पांढऱ्या धाग्यांची, जिभेला लावली तर खारट-तुरट. म्हणजे खार होता तळाशी, तो उन्हाळ्यात वर चढायचा. मधला कडक थर खालच्या खाराला थोडा अडवून धरत होता आणि वरचं चार बोटं पीठ माझ्या गवताला पोसत होतं. जमिनीची व्यवस्था तिची तिनं लावलेली होती. तिला फक्त कुणी छेडायला नको होतं. मला ती त्या दिवशी आवडून गेली. सगळे नाकं मुरडतात म्हणून जास्तच आवडली.

मी चोपणाभोवती बाभळीचे काटे लावून कुंपण घातलं. गावची जनावरं बंद. गाव बोंबलला, मी ऐकलं नाही. बारीक पात्याचं ते खारवट गवत म्हशींना भलतंच मानवायचं. वेळच्या वेळी कापायचं, मुळाला धक्का लावायचा नाही, वाळवायचं आणि गंजी रचायची. एका म्हशीच्या तीन झाल्या. उन्हाळ्यात पहाटे वर फुललेला खार पिसानं गोळा करायचा, विरघळवायचा, गाळायचा, आटवायचा. पापडाला तो खार न्यायला बायका यायच्या आणि धुण्याला न्यायला परटीण यायची.

आणि पुरुषही यायचे. आमच्या गावात घरं माळवदाची, वर मातीचं सपाट छप्पर. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरायची रीत, आणि ती माती चोपणातलीच लागायची, कारण ती भिजली की मिटते, पाणी खाली उतरू देत नाही. माझ्या जमिनीच्या कडेच्या एका कोपऱ्यातून सगळं गाव पाट्या भरून न्यायचं. थोरलेही गडी पाठवायचे. माझ्या जमिनीला हसायचे आणि तिच्याच खाली कोरडे झोपायचे.

अशी काही वर्षं बरी गेली. मग निपाणीच्या बाजारात तंबाखूला चांगले दिवस आले आणि जो तो इंच इंच जमिनीत तंबाखू लावायला निघाला. थोरल्यांना चोपण आठवलं. तुम्हाला वाटेल, अशा जमिनीत तंबाखू लावायचं वेड कुणाला सुचेल? पण आमच्या भागात एक समज होता. मचूळ विहिरीच्या पाण्यावर तंबाखू चांगली तिखट होते, पानाला जोर येतो. आणि ते खरंही होतं. त्यावरून थोरल्यांनी पुढची उडी मारली: पाणी खारं चालतं, तर जमीन खारी का चालू नये? तंबाखू पिकवणाऱ्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

त्यांनी मला बोलावलं नाही, चावडीवर पंच बोलावले. धाकटीनं जमीन पड टाकली आहे, ती आता घरात परत घेतो, तिला दोन वेळचं जेवण घालतो, असं सांगितलं. आत्याबाई मला सांगायला ओढा ओलांडून आल्या. "तू येऊ नगंस. मी सांगते तुज्या वतीनं," म्हणाल्या.

"न्हाय आत्याबाई, आज मी बोलते."

मी चावडीवर गेले. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. थोरल्यांकडे बघून मी सरळ म्हणाले, "अण्णा, जमीन पड न्हाय. गवात हाय तितं. नांगर लावला तर गवात बी जाईल आन् काय बी उगवायचं न्हाय."

थोरल्यांचा चेहरा तांबडालाल. ते माझ्याशी बोलेनात, पंचांशी बोलले. "तंबाकूतलं तिला काय कळतंय?"

"तंबाकूतलं न्हाय कळत," मी म्हणाले. "पर तुमच्या माळवदावर कुठली माती हाय? जी माती पावसाचा थेंब तुमच्या अंगावर पडू देत न्हाय, ती तंबाकूच्या मुळाला पाणी कुठनं द्याची?"

दोनतीन जण हसले. पंचांतले एक म्हातारे वर छपराकडे बघायला लागले. पण थोरले हटेनात, मीही हटेना. शेवटी पंचांनी तोड काढली: ओढ्याकडची एक पट्टी थोरल्यांनी नांगरावी. तंबाखू आली तर सगळं चोपण त्यांचं आणि मी घरी परत. नाही आली तर थोरल्यांनी इथंच चावडीवर उभं राहून जमीन माझी म्हणायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. थोरल्यांनी मान डोलावली. माझं घरदार, माझं जनावर, माझं मोकळेपण, सगळं एका पट्टीवर लागलं. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही.

चार जोड्यांचा नांगर आला. बैल तोंडाला फेस येईपर्यंत ओढत होते. माझे खांब उन्मळून वर आले, डोक्याएवढी ढेकळं. राखाडी पीठ त्यांच्याखाली गाडलं गेलं. थोरले बांधावर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बगा, कसली गड्ड्यासारखी माती निगाली!" मी खोपटाच्या दारात उभी होते. मला रडू आलं, रागाचं. मी आत गेले नाही. सगळं उभं राहून बघितलं.

ढेकळं फोडली, रोपं लावली, मोटेचं मचूळ पाणी सोडलं. पहिल्या पाण्यानं पट्टी चिकटगोळा झाली. पाणी वर दुधी रंगाचं होऊन उभं, खाली कोरडं. मग ऊन पडलं आणि वर असा पापुद्रा धरला की रोपांचे गळे आवळल्यासारखे झाले. पानं कडेनं जळाली. थोरल्यांनी पुन्हा रोपं आणली, पुन्हा पाणी दिलं. चूक मान्य करण्यापेक्षा पाणी देणं सोपं. दुसरी रोपंही गेली. पट्टीवर पांढरा खार आला आणि नुसती भेगाळलेली जमीन उरली.

मी चावडीवर गेले. "आता म्हणा."

थोरले म्हणाले रोपं खराब होती. मग म्हणाले वारं उलटं होतं. मग कुणीतरी म्हणालं धाकटीनं काहीतरी करणी केली, आणि ते थोरल्यांना फार पटलं. पंच म्हणाले, "बगू गं पुढं, आता ऱ्हाऊ दे." पुरुषानं पुरुषाला कसं सांभाळून घ्यावं ते चावडीवर शिकावं. "मला करणी येत असती," मी म्हणाले, "तर पट्टीवर कशाला वाया घातली असती?" आणि निघून आले. जमीन माझ्या ताब्यात राहिली, पण शब्द कुणी दिला नाही. उद्या मी आजारी पडले तर नांगर पुन्हा दारात, हे मला माहीत होतं. त्या पट्टीवर गवत परत आलं नाही. मुळं धरायला चार बोटं पीठच उरलं नव्हतं.

मग एका साली पावसानं पाठ फिरवली. नदीकडच्या काळ्या रानांत वैरणीची काडी उरली नाही. जिकडे तिकडे तंबाखूच लावलेली, आणि तंबाखू जनावर खात नाही. माझ्या चोपणात मागच्या दोन सालांच्या गंज्या उभ्या होत्या. एक दिवस थोरले स्वतः आले. मागं बैल, बरगड्या मोजाव्यात असे.

"धाकटे, आपल्या गंजीतलं थोडं गवात पायजे हुतं."

"आपल्या न्हाय, अण्णा. माज्या."

मी गंजी उपसली आणि बैलांपुढं टाकली. बैलांचा त्यात काही दोष नव्हता. ते खात होते तेवढा वेळ आम्ही दोघं उभे होतो.

"हे आजचं," मी म्हणाले. "उद्यापास्नं पावसापतोर लागंल तेवढं न्या. पर आदी चावडीवर चला. काय म्हणायचं ठरलंतं, ते तुमास्नी म्हाईत हाय."

"ह्या वयाला मला खाली बघाय लावतीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

लोक नंतर म्हणाले, एवढं ताणायला नको होतं, वडीलधारा माणूस, अडचणीत आलेला. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांनी मला अडचणीतच धरलं होतं.

संध्याकाळी चावडी भरली. आत्याबाईही येऊन भिंतीला टेकून बसल्या. थोरले उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि खाली बघत पुटपुटले, "ओढ्यापलीकडची जमीन धाकटीची हाय. माजा त्यावर हक्क न्हाय."

मी म्हणाले, "जरा मोठ्यानं, अण्णा. मागं बसल्यात त्येंस्नी ऐकाय आलं न्हाय."

आणि थोरल्यांनी मान वर करून ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.