ग्रॅमरावांची गुलाबी ट्यूब

ग्रॅमराव हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. ते ठेवलं बायकोने, आणि तेही काही लाडाने नाही. ती घरी केक करून विकते. एके दिवशी लोणी मोजायला गेली, तर वजनकाटा गायब. शोधला शोधला, तो सापडला बाथरूममध्ये. समोर नवरा उकिडवा बसलेला, आणि काट्यावर सायकलच्या सीटखालचा एक स्क्रू.

"अहो, हे काय चाललंय?"

"हळू बोल. श्वासानेसुद्धा आकडा हलतो."

झालं. त्या दिवसापासून ग्रॅमराव.

पोटापाण्याला माणूस चष्म्याच्या दुकानात. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. कुणी म्हणालं, जरा मजबूत फ्रेम दाखवा, की यांच्या कपाळाला आठी. "नाकावर लोखंड वागवणार का?" शिंक आली तर उडून जाईल असली फ्रेम लोकांच्या गळ्यात मारायचे. एवढं हलकेपणाचं वेड, तर आपल्या पोटाकडे एकदा खाली बघावं की नाही? छे! सायकलचा प्रत्येक नट काट्यावर चढून उतरला, पोट तेवढं राहिलं. बायकोने कापून टाकलेले केकचे कडेचे तुकडे जात कुठे होते, हे वेगळं सांगायला नको.

रविवारी सायकलवाल्यांचा घोळका गावाबाहेरच्या चढावर जायचा. पुढारी होते मास्तर. पोरांना पोहायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. शिट्टी वाजली की निघायचं, वाजली की थांबायचं. पण आता मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्यांनी जाहीर केलं, येत्या रविवारी चढाच्या माथ्यावर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालणार.

ग्रॅमरावांना अन्न गोड लागेना. दुकानात मालक विचारत नाही, घरात बायको विचारत नाही. निदान रविवारी तरी चार माणसांनी आपल्या इशाऱ्यावर चालावं! आरशासमोर उभं राहून ओठांचा चंबू करून त्यांनी तालीमसुद्धा केली.

आडवा येईल असा एकच: साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विमा विकायचा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्याची सायकल म्हणजे फिरती अडगळ. चाकांत जाडजूड काळ्या रबरी ट्यूबा, वर पिशवी, पिशवीत आणखी दोन तशाच ट्यूबा, नट पिळायचे पाने, पंप, केळी, आणि विम्याची पत्रकं.

"साडूभाऊ, चाकात म्हैस घातलीय का हो?" ग्रॅमराव विचारायचे.

"असू दे हो. म्हैस बसते, पण फुटत नाही."

यावर तोड म्हणून ग्रॅमरावांनी आणल्या गुलाबी ट्यूबा. प्लास्टिकच्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या, घडी केली की मुठीत मावणाऱ्या. दोन चाकांत घातल्या, तिसरी जादा म्हणून खिशात. पाकिटात सूचनांचा कागद होता. तो न वाचताच फेकून दिला. का? तर कागदालाही वजन असतं! आणि ठिगळांचं पाकीट घरीच ठेवलं. त्याचंही वजन.

आता हे एवढ्यावर थांबावं ना? पण मिरवल्याशिवाय अंगाला लागतं कुठे! दुकानात येईल त्याच्यासमोर खिशातली ट्यूब काढायची, पंप लावून टम्म फुगवायची आणि गळ्यात घालून दाखवायची. "उचलून बघा, आहे का काही हातात?" मग हवा काढून घडी. पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा टम्म. रबर बिचारं ताणलं तरी परत जागेवर येतं. हे प्लास्टिक टायरबाहेर फुगवलं की फुगलं तेवढंच राहतं. तेच कागदावर छापलेलं होतं. पण कागद कुठे? कचऱ्यात.

रविवारी मास्तर चढाच्या पायथ्याशी म्हणाले, "ग्रॅमराव, तयार आहात ना? माथ्यावर गाठ आहे." ग्रॅमरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेही न मोजता! निघाले ते सगळ्यांच्या पुढे. अर्धा चढ झाला आणि मागच्या चाकातून फुस्स. काच घुसली होती.

घोळका पुढे निघून गेला. थांबला एकटा साडू.

"आणा इकडे, ठिगळ लावतो." लावलं. रबराचं ठिगळ, रबराचा गोंद. प्लास्टिकवर कशाला टिकतंय? सोलून हातात आलं. "मग माझी काळी घ्या. पाच मिनिटांचं काम."

ग्रॅमरावांनी त्या काळ्या वेटोळ्याकडे बघितलं. एवढी वर्षं जिला म्हैस म्हणालो, तिच्यावर बसून शिट्टी घ्यायला जायचं?

"तुम्ही व्हा पुढे. माझ्याकडे आहे."

खिशातून गुलाबी निघाली. टायरमध्ये घालायला गेले, तर एवढाली झालेली! एका बाजूने कोंबली की दुसऱ्या बाजूने बाहेर. लहान पोराला बापाचा पायजमा घालावा तशी. चुण्या पडल्या, तरी दाबून बसवली, पंप मारला. चुणीपाशी फाटली, आणि असा काही आवाज झाला की साडूने अदबीने दुसरीकडे बघितलं.

"अहो, घ्या ना काळी."

"नको म्हटलं ना!"

साडू गेला. ग्रॅमरावांनी सायकल खांद्यावर घेतली आणि चढ चढायला लागले. एक मात्र खरं, खांद्यावर फार हलकी लागत होती हो! एवढे कष्ट घेतले ते शेवटी उचलून न्यायला तरी कामी आले.

माथ्यावर पोचले तेव्हा मास्तरांचा गळा मोकळा होता. शिट्टी साडूच्या तोंडात. हातात केळं.

"मागे राहिलेल्यासाठी जो थांबतो, त्याच्याकडेच दिली," मास्तर म्हणाले.

उतारावर सायकल खांद्यावर घेऊन जाता येत नाही, एवढं मात्र ग्रॅमरावांना कळलं. काळी ट्यूब घेतली, मान खाली घालून बसवली. बसवेपर्यंत साडूने विम्याची दोन पत्रकं वाचून दाखवली, आणि ती निमूट ऐकावी लागली. मग शिट्टी वाजली, आणि ग्रॅमराव निघाले.

घरी आल्या आल्या सवयीने हात वजनकाट्याकडे गेला. पण बायकोला थोरल्या बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता. बायकोने काटा उचलून कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली.

"चाकातली म्हैस मोजायची असेल, तर ताईकडे मोठा काटा आहे," ती म्हणाली. "ती फाटकी गुलाबी तेवढी द्या इकडे. गच्चीतला वेल बांधायचाय."