भेदभाव नसल्याची सही

“मावशी, या बाटल्या टेबलांवर ठेवता का?”

प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाई मला म्हणाल्या. प्रशिक्षणाचा विषय होता, नकळत होणारा भेदभाव. हॉलमध्ये आम्ही पाचजणी होतो. अंबडच्या या कारखान्यात मी नऊ वर्षं इंजिनिअर आहे. गळ्यात ओळखपत्र होतं. त्यांना माझा रंग आधी दिसला.

आणि मी बाटल्या ठेवल्या. सगळ्या. हरसूलकडच्या डोंगरातल्या आमच्या घरात हेच शिकवलं होतं, शहरातल्या माणसानं काम सांगितलं की करून मोकळं व्हायचं.

आमच्या विभागाच्या साहेबांनी माझी ओळख करून दिली तेव्हा बाई ओशाळल्या. “सॉरी हं. मला वाटलं तुम्ही इथल्या मावशी. मनात तसं काही नव्हतं.”

मनात नव्हतं, तर मग कुठे होतं? पाचजणींतून नेमकी मीच कशी सापडले?

चहापाणी बघणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मी खरंच मावशी असते, तर बाईंनी माफी मागितली नसती. आणि मला तरी एवढं का झोंबलं? मावशी आईच्या वयाच्या, आमच्याच डोंगरातल्या. त्यांच्यासारखी दिसले, याचाच मला अपमान वाटला. म्हणजे तो किडा माझ्याही डोक्यात होता. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटी दरवर्षीचा कागद फिरला. ‘आमच्या विभागात कोणताही भेदभाव होत नाही.’ खाली सगळ्यांच्या सह्या. मी केली नाही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, तुमच्या प्रमोशनची फाइल माझ्याच टेबलावर आहे. उगाच ताणू नका.”

बाहेर आले तर मावशी थांबलेल्या. एरवी मॅडम म्हणणाऱ्या. “कर सही, पोरी. आपलं कोन ऐकतं? नोकरी हाय तर सगळं हाय.”

त्यांचं खरं होतं. तरी मी परत आत गेले.

“सर, खोट्यावर सही करणार नाही.”

प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. मला स्टोअरमध्ये टाकलं. डबा खायला शेजारी कुणी बसत नाही. मावशीही नजर चुकवतात, त्यांनाही नोकरी टिकवायची आहे. प्रशिक्षणाच्या त्या बाई अजून इतर कारखान्यांत तेच शिकवत असतील.

इथे काही बदलणार नाही. आशा मी कधीच सोडली. पण सगळं ठीक आहे, हे माझ्या सहीनिशी त्यांना मिळणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, नोकरी गेली तरी नाही.