तुम्हाला काय वाटतं, बाई?

केवड्याचा वास आला की नौपाड्यातली आमची ओसरी आठवते. माझे यजमान वकील होते. वेश्यावस्तीवर कायदा यायचा होता, तेव्हा कल्याणच्या वस्तीतली एक बाई वेणीत केवडा माळून सल्ल्याला आली. ह्यांनी तिला विचारलं, "सरकारनं धंद्याला परवाना द्यावा का? तुम्हाला काय वाटतं, बाई?" दाराआड मी जळून गेले. तिच्या रूपावर नव्हे. मला काय वाटतं, हे ह्यांनी कधीच विचारलं नव्हतं. "परवाना नको, साहेब. पोलिसांचा हप्ता तेवढा थांबवा," ती म्हणाली. चहा ठेवताना मी बोललेच, "परवाना तपासायलाही पोलीसच येतील." "वहिनी बरोबर बोलल्या," ती चटकन म्हणाली. हे म्हणाले, "चहात साखर कमी आहे." हे जाऊन वर्षं झाली, तिचा हेवा मात्र अजून वाटतो.