गळ्याचा नवस

माझा गळा वाढतोय हे घरात सगळ्यांत आधी आईच्या ठुशीला कळलं. मला पाहायला ठाण्याची मंडळी येणार होती, म्हणून आई स्वतःची ठुशी माझ्या गळ्यात बांधत होती. तिच्या गळ्यात ती चांगली सैल बसे. माझ्या गळ्यात मात्र मागचा दोरा शेवटपर्यंत सोडला तरी ती रुतू लागली. आईने माझी हनुवटी वर केली, गळा चाचपला, आणि मुलीला ताप आहे असा ठाण्याला निरोप धाडला.

मला बारावं लागलं होतं. त्या काळच्या कल्याणात एवढी बिनलग्नाची मुलगी म्हणजे आधीच आईबापांच्या जिवाला घोर, त्यात हा गलगंड. शेजारणी विचारपूस करायला येत आणि विहिरीच्या पाण्यापासून माझ्या तिरसट स्वभावापर्यंत सगळ्याला दोष देऊन जात. स्वभाव तिरसट होता हे खरं, पण तो गाठीच्या आधीपासूनचा होता.

देवाकडे काही मागायचं तर आपल्या आवडीचं काही सोडायचं, अशी आमच्यात रीत. माझा जीव माशांत. कोळणीची हाक कानावर आली की मी हातातलं काम टाकून दाराशी जात असे. आईने मला दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीपुढे उभं केलं आणि गाठ बसेपर्यंत माझे मासे बंद झाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी वरणभात गिळत राहिले आणि गाठ आपली वाढतच राहिली.

शेवटी वडिलांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आयोडीनचं लाल मलम दिलं. ते गळ्याला चोळून सकाळच्या उन्हात मान वर करून बसायचं. कातडी अशी भाजे की मी मनातल्या मनात डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मासे सोडल्याचं ऐकून मात्र ते हसले. हे औषध समुद्रातल्या शेवाळातून काढतात, समुद्राच्या माशांतही ते थोडंफार असतं, तेव्हा पोरीला खुशाल खाऊ द्या, असं त्यांनी वडिलांना सांगितलं.

घरी आल्यावर वडिलांनी ते आईच्या कानावर घातलं. आई अडचणीत पडली. डॉक्टरांचं ऐकावं तर देवीला दिलेला शब्द मोडतो, न ऐकावं तर मुलीचा गळा जातो. तिने विचार केला, एकटीच किल्ल्यावर जाऊन आली आणि माझ्या पानात तळलेले बोंबील वाढले. देवीला सांगून आले, एवढंच म्हणाली. काय सांगितलं हे विचारायला माझं तोंड रिकामं नव्हतं.

मलमाने म्हणा, माशांनी म्हणा, गाठ हळूहळू बसली. त्याच ठाण्याच्या मंडळींकडे मी सून म्हणून गेले. माहेरी आले की आई माझ्यासाठी मासे करी आणि स्वतः आमटीभात घेऊन बसे. विचारलं तर म्हणे, आता वास सोसत नाही. मीही ते खरं मानलं.

माझ्या मुलीच्या बारशाला आई नटली, तेव्हा मी मागून तिची ठुशी बांधायला गेले. दोरा सोडत गेले, सोडत गेले, आणि तो संपला. माझे हात तिथेच थांबले.

"देवीला काय सांगून आली होतीस गं?"

"तिच्याऐवजी मी सोडते, म्हटलं. जन्मभर."

मी चिडले, रडले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं त्याची आठवण दिली. देवीची माफी माग आणि आजपासून मासे खा, म्हणाले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तुझा गळा पुन्हा सुजला तर?"

मासे तिने शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. तिचा गळा मासे सोडल्यानेच सुजला का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. मलम तिनेही लावलं, उन्हात बसली, पण तिची गाठ जुनी आणि कठीण झाली होती. पुढे पुढे तिचा श्वास बाहेरच्या पडवीपर्यंत ऐकू येई. पडवीत बसलेले वडील तो ऐकत.

आईचं तेरावं झाल्यावर आत्याने मला जवळ बसवलं. आईच्या नावाने लेकीने काहीतरी सोडावं, तुझा जीव माशांत आहे तर तेच सोड, असं ती मायेनेच म्हणाली. मी नाही म्हटलं. आत्या दुखावली, आतल्या बायका कुजबुजल्या. दुसऱ्या दिवशी कोळणीची हाक आली तशी मी उठले आणि बोंबील घेतले. आईच्याच तव्यावर तळले, तिच्या जागी पाट मांडून बसले, आणि रडत रडत सगळे खाल्ले. एकही टाकला नाही.