दारू न भरलेलं काडतूस

फौजेतल्या नोकरीची शेवटची तीन वर्षं मी शॉटगन रेंजवर काढली. लढाईचं काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला गाठा. आमची लढाई मातीच्या तबकड्यांशी. मशीन तबकडी हवेत फेकणार, जवान ती छऱ्यांनी फोडणार. मी हवालदार, काडतुसं भरायचं काम माझ्याकडे.

बंदूक अठ्ठावीस बोअर, म्हणजे नेहमीच्या बारा बोअरपेक्षा बारीक नळीची. तिची काडतुसं सहज मिळत नसत, म्हणून सरावाला आणि निवडीला आम्ही रिकामी टरफलं पुन्हा भरायचो. बुडातली जुनी कॅप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, काढायची, नवी बसवायची, मोजून दारू, त्यावर प्लास्टिकचं बूच, मग छर्रे, शेवटी तोंड मुडपायचं. एक नियम कडक होता. पन्नास टरफलं लाकडी ठोकळ्यात उभी करायची, दारू भरली की प्रत्येकात ती पडलीय ना हे टॉर्च मारून बघायचं आणि मगच बूच दाबायचं.

नायक सोमा वेळीप जोयडा तालुक्यातला, बाजारकुणंगकडचा. मी त्याच तालुक्यातल्या रामनगरचा. कंपनीत आपली बोली बोलणारे आम्ही दोघंच. त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हा कबूल करत नसे.

"हवालदारसाब, तुमी भरा, मी फोडतो," असं तो चिडवायचा.

संघाच्या निवडीच्या आदल्या दुपारी दुसऱ्या एका हवालदाराशी माझी चढाओढ लागली, तासाभरात जास्त काडतुसं कोण भरतो. मी जिंकलो. शेवटच्या ठोकळ्याला मी टॉर्च मारलाच नव्हता.

निवडीच्या दिवशी सकाळी साडेनऊला फायर सुरू झालं. मी सेफ्टी होतो. नेमबाजाच्या मागे उभं राहायचं आणि धोका वाटला की हात वर करून सगळं थांबवायचं. नववी तबकडी सोडायला सोमा ओरडला, "पुल!" बार झाला, पण आवाज बसका आला. तबकडी शाबूत खाली पडली.

मला तत्क्षणी समजलं. त्या काडतुसात दारू नव्हती. नुसत्या कॅपच्या जोरावर बूच पुढे सरकून नळीत अडकलं होतं. सोमाच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते, तरी त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वॉकीटॉकीवर कॅप्टनसाहेब बोलले.

"सेफ्टी, एनी प्रॉब्लेम? ओव्हर."

हात वर केला असता तर नळीत अडकलेलं बूच सापडलं असतं, आणि काडतूस कुणी भरलं हे सगळ्यांसमोर विचारलं गेलं असतं.

"नो प्रॉब्लेम, सर. ओव्हर." मी सोमाला मान हलवली. त्याने नवं काडतूस घातलं.

पुढच्या बाराला तुंबलेली नळी त्याच्या डाव्या हातात फुटली. तीन बोटं गेली.

चौकशीत मला विचारलं, "आधीच्या बारचा आवाज वेगळा होता?" मी म्हणालो, "नाही, सर." निष्कर्ष निघाला, फायररने नळी तपासली नाही. हॉस्पिटलमध्ये सोमाच माझी समजूत घालत होता. "चूक माजी हाय, साब. नळी बघाया पायजे हुती. तुमी मनाला लावून घेऊ न्हका."

तो मेडिकलवर नोकरीतून सुटून घरी आला. दोन वर्षांनी मीही पेन्शनवर आलो. दरवर्षी उळवीच्या जत्रेत आमची भेट व्हायची. उरलेल्या दोन बोटांनी पहार सावरत तो कोनफळं खणायचा, त्यातली निवडून माझ्यासाठी आणायचा. भरतीला निघालेली गावची पोरं भेटली की त्यांना हात दाखवायचा. "बंदूक दोनदा बघा रं. मी आळस केला, ह्ये बघा काय झालं." मी शेजारी उभा असायचो. मला त्याच्या हाताकडे बघवत नसे, आणि तोंडही उघडत नसे. मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

गेल्या वर्षी सोमा काविळीने गेला. बाराव्याला गेलो तेव्हा परसात त्याच्या बायकोला एकटीला गाठून सगळं सांगितलं. टॉर्च, बसका आवाज, वॉकीटॉकी, चौकशी. ती धुतलेली भांडी पालथी घालत ऐकत होती. रागावली नाही.

"भावजी, ह्यांनी सोताला शेवटपतोर माफ केलं न्हाई," ती म्हणाली. "मला सांगून आता काय उपेग? ह्यास्नी सांगायचं हुतं."

त्याला सांगायचं राहून गेलं ते इथे लिहून ठेवतो. नायक सोमा वेळीप याची त्या दिवशी कोणतीही चूक नव्हती.