बोल्टने ओढलेला गियरबॉक्स

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेव्हा आमच्या घरात दुरुस्त्या निघतात. लाँचचं इंजिन, जाळी, शेडचे पत्रे. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे मीच ठरवते. गेल्या बंदीत मी सगळ्यात वर सासऱ्यांची गाडी घेतली. गाडीखाली लाल तेलाचा डाग पडायला लागला होता आणि तो रोज मोठा होत होता.

गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक. रत्नागिरीत अशा गाड्या फार नाहीत. सासऱ्यांनी ती मुंबईहून मुद्दाम शोधून आणवली, कारण साखरेच्या दुखण्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. या गाडीला क्लच नाही. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची. जयपूर फूट बाजूला ठेवून ते पहाटे स्वतः गाडी चालवत मिरकरवाड्याच्या जेटीवर जायचे आणि काच खाली करून, गाडीतूनच आपल्या मासळीचा लिलाव करायचे.

गाडी घ्यायच्या आधी त्यांना त्यांचा धाकटा भाऊ न्यायचा. हे माझे चुलत सासरे. त्यांचा टेम्पो आहे. सासरे नाखवा, म्हणजे लाँचचे मालक. आयुष्यभर काका त्यांच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते आणि सासरे त्यांना घरातसुद्धा, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, "ए ड्रायव्हर" म्हणूनच हाक मारायचे. पाय कापल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी सासऱ्यांना जेटीवर नेलं तेव्हा मी सोबत होते. टेम्पो थांबला. काका उतरले, दुसऱ्या बाजूला आले, दार उघडलं, आणि सासऱ्यांच्या काखेत हात घालून त्यांना बर्फाच्या लादीसारखं खाली घेतलं. वर मोठ्याने ओरडले, "सरका रे, सरका! नाखवा उतरतोय!"

सगळी जेटी बघत होती. सासरे त्या दिवशी लिलावात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, "गो, मला चालवता येईल अशी गाडी बघ. पुन्हा ह्याच्या हाताने उतरलो तर थेट स्मशानात उतरेन."

म्हणून गाडी महत्त्वाची. हंगाम सुरू व्हायच्या आत ती चालू झाली पाहिजे होती. नाहीतर नाखवा पुन्हा काकांच्या काखेत.

शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी बघून सांगितलं की तेल पुढच्या सीलमधून गळतंय. सील किरकोळ वस्तू आहे, पण ती बदलायला अख्खा गियरबॉक्स खाली काढावा लागतो. ऑटोमॅटिकला हात लावायला दोघेही तयार नव्हते. कोल्हापूरला न्या म्हणाले. मी कोल्हापूरच्या कारागिराशी फोनवर बोलून वेळ घेतली. सासऱ्यांनी ती मोडली.

"घरचा ड्रायव्हर आहे ना? बंदीत बसून खातोय. त्याला लाव कामाला."

काका आले. नाही म्हणाले असते तर जमलं असतं, पण त्यांना नाही म्हणायची सवयच लागलेली नव्हती. शिवाय त्यांच्या डोळ्यांत मला एक गोष्ट दिसली. दादाची गाडी आपल्या हातात आली, याचा त्यांना आनंद झाला होता.

शेडमध्ये चिऱ्यांच्या थरांवर जाड फळ्या टाकून आम्ही गाडी उंच केली. मी स्टीलच्या वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: स्टार्टर, शाफ्ट, तेलाच्या नळ्या, घंटेचे बोल्ट. गियरबॉक्सचा पुढचा, इंजिनला टेकणारा भाग घंटेसारखा पसरट असतो, त्याला काका घंटा म्हणत होते. काढायचं काम नीट झालं. काकांचा हात इंजिनवर चालतो, हे खोटं नाही. बॅटरीची वायर सुटली, तेल उतरलं, शाफ्ट निघाला, आणि शेवटी गियरबॉक्स जॅकवर हळूहळू खाली आला.

सासरे शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ते सगळा वेळ बोलत होते.

"बघून सोड मेल्या. तुझ्या डोक्यात पडला तर गियरबॉक्स फुटायचा."

"दादा, तू आत जाऊन पड ना."

"पडलो असतो. पण माझी गाडी तुझ्याजवळ एकटी सोडायची म्हणजे मांजराजवळ बांगडे ठेवून मुंबईला गेल्यासारखं."

सील बदललं. आता परत चढवायचं होतं, आणि इथेच सगळी गोम असते. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये कन्व्हर्टर नावाचा जड गोल डबा असतो, भल्या मोठ्या झाकणबंद पातेल्यासारखा, आत तेल भरलेला. तो आधी गियरबॉक्समध्ये ढकलून, फिरवून फिरवून, आतल्या तेलाच्या पंपाच्या खाचांत पुरा बसवायचा. पुरा बसला की तो घंटेच्या काठापेक्षा आत जातो. मग गियरबॉक्स इंजिनपाशी नेला की हाताच्या जोरावर काठाला काठ टेकतो. टेकला नाही, तर समजायचं की डबा बाहेर सरकलाय. खाली घ्यायचं आणि पुन्हा बसवायचं. कोल्हापूरच्या कारागिराने फोनवर मला हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं आणि मी ते काकांना वाचून दाखवलं होतं.

काकांनी कन्व्हर्टर नीट बसवला होता. मी मोजपट्टी ठेवून पाहिलं होतं. पण चढवताना गियरबॉक्सचं तोंड खाली झुकलं आणि डबा पुढे घसरला. घंटा इंजिनला टेकेना. मध्ये बोटभर फट राहिली.

"काका, डबा सरकला. खाली घ्या."

"येतो गियर. बोल्ट लावले की येतो."

लाँचवर तसंच करतात. इंजिनच्या खणात माणूस धड वाकूही शकत नाही, गियर ढकलायला जोर कुठून आणणार? म्हणून लांब बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने आवळत गियर ओढून घ्यायचा. बोटीचा गियर त्याने येतो. काकांनी आयुष्यभर तसेच बसवले होते.

"ही लाँच नाही," मी म्हटलं. "ओढलं तर पंप फुटेल."

काका थांबले. पाना हातातच होता. गाडीखालून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, ऐकतात. जॅक खाली घ्यायला त्यांनी हातसुद्धा पुढे केला.

तेवढ्यात दारातून सासरे म्हणाले, "झालं? बाईमाणसाने सांगितलं आणि ड्रायव्हर भ्यायला? खाली घे, घे खाली. तुझ्या हातून कधी काय बसलंय? एवढी वर्षं संसार केलास, घरात पाळणा नाय हलला."

काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

काकांनी जॅकवरचा हात काढला. बोल्ट घातले आणि आवळायला लागले. एक इकडचा, एक तिकडचा. फट कमी होत गेली. सासरे म्हणाले, "हां! आता कसा वळणावर आला!" मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन कोणाचं भलं झाल्याचं मी या घरात पाहिलेलं नाही.

आतून कडक आवाज आला. खेकड्याचा नांगा दाढेखाली फोडतात, तसा. आम्ही तिघांनी तो ऐकला. काकांनी क्षणभर पाना थांबवला. मग उरलेले बोल्ट आवळले.

पुढचं सगळं त्यांनी अगदी नीट जोडलं. मी एकेक वाटी पुढे करत गेले, ते एकेक रिकामी करत गेले. नवं तेल भरलं. गाडी खाली घेतली. काकांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि अदबीने म्हणाले, "बस, नाखवा."

सासरे खुर्चीवरून उठले, काठीच्या आधाराने चालत गाडीत बसले. इंजिन सुरू झालं आणि खालून खडी दळल्यासारखा आवाज यायला लागला. त्यांनी लिव्हर पुढे घेतला. गाडी हलली नाही. मागे घेतला. नाही हलली. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, नुसताच धूर झाला. सगळी शेड धुराने भरली तरी ते पाय काढेनात. शेवटी मीच आत हात घालून किल्ली फिरवली.

"काढ परत," ते म्हणाले.

"दादा, काढून काय बघणार?"

"काय फोडलंस ते बघणार. काढ."

काकांनी पुन्हा गाडी चिऱ्यांवर घेतली, पुन्हा सगळं सोडवलं. वय झालेलं आहे त्यांचं. जॅक सरकवताना ते दोनदा गाडीखालीच पडून राहिले, श्वास घेत. सासरे खुर्चीवर होते. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी नेऊन दिलं तर म्हणाले, "आधी काम होऊ दे त्याचं."

पंपाचे तुकडे काकांनी बाहेर आणून सासऱ्यांच्या खुर्चीपुढे फरशीवर ठेवले. मी फोटो काढून कोल्हापूरला पाठवला. उत्तर लगेच आलं: तुकडे आतपर्यंत गेले असतील, अख्खा गियरबॉक्स बदलावा लागेल, आणि या मॉडेलचा आता कुठे मिळत नाही. मी ते मोठ्याने वाचलं.

काका हात पुसायला लागले.

"कुठे चाललास?" सासरे म्हणाले. "बसव परत."

"आता कशाला? मेली ती गाडी."

"माणूस मेला म्हणून पोट उघडं टाकून जातोस काय? बसव."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी वाट्या पुन्हा ओळीने मांडल्या. दुसरं काय करणार होते?

या वेळी त्यांनी कन्व्हर्टर आत ढकलून फिरवला, पट्टी लावून पाहिला, आणि सरकू नये म्हणून लाकडाची खुंटी अडकवली. गियरबॉक्स चढवला, खुंटी काढली, दोन्ही तळव्यांनी रेटा दिला. काठाला काठ टेकला. एकही बोल्ट लावायच्या आधी घंटा इंजिनला चिकटून उभी राहिली.

"बसला?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"बसला."

"बघ," ते भावाला म्हणाले, "येतंय की रे तुला."

काका गाडीखालून बाहेर आले नाहीत. बराच वेळ फक्त पान्याचा आवाज येत राहिला.

बंदी उठली. पहिल्या लिलावाच्या पहाटे काका टेम्पो घेऊन फाटकाशी आले आणि हॉर्न वाजवला. सासरे उठलेले होते, अंघोळ केलेली, पांढरा शर्ट घातलेला. हॉर्न पुन्हा वाजला. बाहेरून काकांनी हाक मारली, "चल दादा! मी आहे ना उतरवायला!" आजूबाजूच्या घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सासरे काठी घेऊन निघाले ते शेडकडे. मेलेल्या गाडीत जाऊन बसले, काच खाली केली आणि मला म्हणाले, "तू जा. ह्याच्या शेजारी मी बसणार नाय."

मी गेले. जेटीवर आमच्या मासळीच्या टपांभोवती व्यापारी जमले. त्यांतल्या एका जुन्या व्यापाऱ्याने विचारलं, "नाखवा नाय आला?"

मी काही म्हणायच्या आत काकांनी सांगितलं, "आलाय की. गाडीतच बसलाय. गाडी तेवढी घरी आहे."

लोक हसले. हसणं ओसरेपर्यंत मी थांबले, मग पहिल्या टपावरचा बर्फ हाताने बाजूला केला आणि सुरमई उचलून दाखवली.